मामांचा हरकतीचा मुद्दा

माझ्या बायकोच्या मामांइतका नियमांचा भक्त आणि नियमांचा वैरी एकाच देहात नांदताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेला नाही. नियम पाळायचाच, पण आधी त्याच्याशी कडाडून भांडून, हा त्यांचा बाणा. तरुणपणी पुण्याहून ते जपानला, त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत आले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि निवृत्तीनंतर डोंगराच्या पायथ्याशी, सासऱ्यांच्या घरात राहायला गेले. त्या गावात दुधाचा रिकामा खोका धुऊन, कापून, वाळवून कचऱ्यात द्यावा लागतो. मामांनी पालिकेत जाऊन अर्धा दिवस वाद घातला, हरले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचेच नव्हे तर शेजाऱ्यांचेही खोके धुवायला घेतले. शेजाऱ्यांचा कोपरा नीट कापला जात नाही म्हणे.

मामी गेल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या रताळ्यांच्या शेतात रानडुकरं शिरली. मामींनी आयुष्यभर जपलेली जमीन एका रात्रीत कुणी नांगर फिरवावा तशी उलथून पडली होती. जन्मात अंडंही न खाल्लेल्या या गृहस्थाने, माणसं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात त्या वयात, फासे लावण्याच्या परवान्याची परीक्षा दिली आणि ते गावच्या शिकारी मंडळाचे सभासद झाले. मंडळात तरुण तो, ज्याचे स्वतःचे दात शाबूत आहेत. शिकार झाली की बाकीचे डुकराचा रस्सा ओरपायचे आणि मामा त्यांच्यातच मांडी घालून डब्यातला दहीभात खायचे. "मारतो मी, खाता तुम्ही. पाप निम्मं निम्मं," असं ते वर ऐकवायचे. मेलेल्या डुकराच्या तोंडात ते पाण्याचा थेंब आणि तुळशीचं पान ठेवत. पालिकेला प्रत्येक शिकारीचा फोटो पाठवावा लागतो, डुकराचं तोंड उजवीकडे करून. एकदा तिथल्या कारकुनाने फोन करून विचारलं की हे तोंडातलं पान कसलं, आमिष आहे का? त्या बिचाऱ्याला तुळशीचं सगळं माहात्म्य जपानीतून ऐकावं लागलं. थंडीत तुळस जळाली तेव्हा शेजारचे इशिझुका-सान आपल्या परसातलं, तुळशीच्याच कुळातल्या शिसोचं पान घेऊन आले. "वास थोडा निराळा आहे, पण डुक्कर तक्रार करणार नाही," असं म्हणून त्यांनी ते गंभीरपणे मामांच्या हातात दिलं.

हे इशिझुका-सान म्हणजे मामांचे एकुलते एक मित्र. मामांनी बोलायचं आणि त्यांनी मान डोलवायची, असा त्या मैत्रीचा सोपा करार होता. फासे दोघांनी मिळून लावायचे, रोज सकाळी दोघांनी बघायला जायचं, आणि अडकलेल्या जनावराला विजेची काठी लावून मारायचं ते मामांनी.

मागच्या वसंतात आम्ही मामांकडे गेलो असताना गावच्या सभागृहात मंडळाची सभा होती. प्रांत सरकारचा एक तरुण अधिकारी नवा नियम घेऊन आला होता: फासात अडकलेलं डुक्कर मारायला कुणी एकट्याने जायचं नाही, दोन माणसं हवीतच. सभेत गदारोळ उडाला. कुणी म्हणालं, गावात माणसं उरलीत कुठे, दुसरा काय देवळातून आणायचा? कुणी म्हणालं, सरकारला एवढी काळजी असेल तर त्यानेच येऊन डुकरं मारावीत. इशिझुका-सान तेवढे हळूच म्हणाले, "मला तर एकट्याने जायची भीतीच वाटते. नियम बरा आहे." मग आमचे मामा उठले. "माझा हरकतीचा मुद्दा आहे," असं पुण्याच्या सोसायटीच्या सभेत म्हणावं तसं त्यांनी जपानीत म्हटलं. "फासातलं जनावर पाय ओढून ओढून स्वतःचं मांस फाडून घेतं. दुसरा माणूस सापडेपर्यंत त्याला तडफडत ठेवायचं? ही कसली दया?" मामा इतकं सुंदर बोलले की म्हाताऱ्यांचे डोळे ओले झाले. इशिझुका-सानांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. अधिकारी वाकून नमस्कार करून नियम परत घेऊन गेला.

भाद्रपदात मामा गणपतीला आमच्या घरी, इचिकावा शहरात आले. फाशांवर नजर ठेवायला इशिझुका-सान होतेच. सकाळची आरती आटोपून मामा नाश्त्याला बसले आणि इशिझुका-सानांचा फोन आला. डुक्कर सापडलं होतं, आणि मोठं होतं. "थांबा, दुपारपर्यंत मी येतो," मामा ओरडून म्हणाले. पलीकडून शांत आवाज आला, "फार तडफडतंय हो. ताटकळत ठेवू नये, तुम्हीच म्हणाला होता ना." आणि फोन बंद झाला.

मामा भरल्या ताटावरून उठले. मी बरोबर निघालो. गाडीत ते पुन्हा पुन्हा फोन लावत होते आणि तो कुणी उचलत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. झाडाला बांधलेल्या तारेच्या फासात डुकराचा तुटलेला खूर तेवढा उरला होता. पाय तोडून घेऊन ते सुटलं होतं, आणि त्याच्या सुळ्याने इशिझुका-सानांच्या मांडीची मोठी नस फाडली होती. हॉस्पिटलपर्यंतही ते जिवंत पोचले नाहीत. मामा चिखलात बसून फास सोडवायला लागले. मला हात लावू देईनात. "सभा मी जिंकली होती, जावईबापू," एवढंच ते म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याइतकं केविलवाणं माणूसही मी कधी पाहिलं नव्हतं.

तोच नियम पुढच्या सभेत पुन्हा आला. हात वर करणाऱ्यांत मामा पहिले होते. भाषण नाही, दुरुस्ती नाही, काही नाही. नियम झाला, आणि मग मामांबरोबर यायला गावात दुसरं कुणी उरलंच नाही. ज्याला त्याला आपापली कंबर सांभाळायची होती. मामांनी फासे गुंडाळून पडवीत टाकले आणि मामींची रताळी डुकरांना खाऊ दिली.

नंतर एकदा आम्ही तिथे असताना इशिझुका-सानांची बायको आली. बाई पार वाकलेली, मामांच्या खांद्यालाही न लागणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "त्या सभेहून आमचे हे फार खुशीत घरी आले होते. आपल्या इंडियाच्या माणसाने सरकारला गप्प केलं, म्हणत होते." मामांनी मान खाली घातली. बाई पुढे म्हणाली, "आता माझंही शेत खाल्लं डुकरांनी. फास लावून द्या. दुसरं माणूस म्हणून मी येईन."

"तुम्ही आधी मला शिव्या द्या हो," मामा कसेबसे म्हणाले.

"त्या सवडीने देईन," बाई म्हणाली, "आधी फास."

आता सकाळी दोघं डोंगराकडे निघतात. मामा काठी घेऊन पुढे, बाई चार पावलं मागे. डुक्कर सापडलं की मामांचा हात कापतो, मग बाई त्यांचं कोपर घट्ट धरून ठेवते, असं गावातले सांगतात. मी रविवारी फोन करून खुशाली विचारतो. मामा हवापाणी सांगतात, रताळी यंदा बरी आहेत म्हणतात. मग आवाज खाली आणून सांगतात, "शिव्या अजून दिल्या नाहीत हो तिने. मी वाट बघतोय."