अमावास्येची काच

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमची दोघांची बदली मुळशीकडच्या एका गावी झाली. पौड मागे टाकून एसटी धरणाकडे जायची. त्या रस्त्यावर मध्येच उतरायचं आणि ओढा ओलांडून गावात शिरायचं. शाळा दोन शिक्षकांची, एक हे आणि दुसरी मी. धरणाच्या पाण्यावर वीज व्हायची ती घाटाखाली, आणि तिथून ती मुंबईला जायची. आमच्याकडे कंदील. गावाला त्याचं काही वाटत नसे. मला तर ते बरंच वाटलं, कारण पहिल्या दिवाळीनंतर एकदा अंगणात भांडी विसळताना मी सहज वर पाहिलं, तर देवयानीच्या ताऱ्यांशेजारी एक पुसट, पांढुरका ठिपका दिसला. पुण्यात तो मला कधीच दिसला नव्हता.

तो काय आहे ते मला माहीत होतं. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, पुण्यात फोटो स्टुडिओ होता, आणि माझं लहानपण त्याच्या अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली काचा धुण्यात गेलं होतं. त्याच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात देवयानीतल्या तेजोमेघाचा फोटो होता. तिरपी धरलेली ताटली असावी तसा आकार, मधे उजेड आणि कडेला विरत गेलेला धूर. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागतात, की तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखी माणसं नव्हती, असं दादानं सांगितलं होतं.

"असा फोटो आपल्याला नाही काढता यायचा?" मी विचारलं होतं.

"येईल की. अंधार पाहिजे आणि धीर पाहिजे. पुण्यात अंधार नाही आणि माझ्यात धीर नाही."

त्या दिवाळीनंतर मी पुण्याला गेले आणि दादाकडून त्याचा जुना लाकडी कॅमेरा मागून आणला. स्टुडिओत फिल्म आल्यापासून तो माळ्यावर पडून होता. भिंग मात्र चांगलं होतं. सोबत काचेच्या प्लेटा, धुण्याची औषधं आणि एक लहानशी पितळी दुर्बीण त्यानं दिली. "खराब झालं तर परत आणू नकोस, आणि चांगलं झालं तर दाखव," एवढंच म्हणाला.

आकाशाचा फोटो काढणं म्हणजे कॅमेरा वर करून झाकण उघडणं नव्हे, हे मला पहिल्याच प्लेटीनं शिकवलं. तासभर उघडी ठेवली, तर सगळे तारे रेघा होऊन आले. तारे ध्रुवाभोवती सरकतात, तर कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकायला हवा. गावच्या लोहाराकडून ह्यांनी एक लोखंडी आस करून घेतला. तो ध्रुवाकडे रोखून रोवायचा, त्यावर कॅमेरा आणि दुर्बीण शेजारी शेजारी बांधायची आणि एक लांब स्क्रू हातानं हळूहळू फिरवत राहायचं. दुर्बिणीत माझ्याच डोक्याचा केस आडवा चिकटवला होता. एक तारा त्या केसावर धरायचा आणि तासभर तिथून हलू द्यायचा नाही. तारा हलला, की प्लेट गेली.

आमच्या मुलखात ध्रुव फार खाली असतो. अंगणातून तो डोंगराआड जायचा, म्हणून हे सगळं सामान घेऊन गावामागच्या माळटेकडीवर चढावं लागे. आणि चांदण्यात फोटो येत नाही, सगळी प्लेट काळवंडते. त्यामुळे जायचं ते अमावास्येच्या आसपासच. जेवणं उरकली की आम्ही निघायचो. कॅमेरा माझ्या डोक्यावर, आस ह्यांच्या खांद्यावर. मी दुर्बिणीला डोळा लावून स्क्रू फिरवायची आणि हे घोंगडी पांघरून शेजारी बसायचे. दहिवरानं भिंग ओलं होई, म्हणून निखाऱ्यांची पाटी खाली थोडी बाजूला ठेवायची, हे काम त्यांचं. पाटी जवळ गेली तर उष्णतेनं तारे थरथरत आणि लांब गेली तर भिंगावर पाणी धरत असे. ह्यांना आकाशाचं फारसं वेड नव्हतं. "तुझं चालू दे," म्हणायचे, आणि पाटी पुढे-मागे सरकवायचे.

ते वर्ष असंच गेलं. एकदा दहिवर नडलं, एकदा वारा, एकदा आसच खचला. घरी धुताना कंदिलाच्या तांबड्या कागदाला भोक असल्याचं कळलं नाही आणि दोन प्लेटा तशाच गेल्या. पुढच्या वर्षी तारे गोल यायला लागले. लहान लहान काळे ठिपके, कारण काचेवर सगळं उलटं येतं, तारे काळे आणि आकाश पांढरं. पण तेजोमेघ काही येईना. त्याच्या जागी नुसती काच.

आमच्या शेजारी शेळ्या-मेंढ्या राखणारं एक कुटुंब होतं. त्यातली सून माझ्याच वयाची. संध्याकाळी शेळ्या बांधल्या की ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची. सगळं गाव माझ्या कॅमेऱ्याला 'बाईंचा डबा' म्हणे, तशी तीही म्हणे.

"बाई, ह्या डब्यात काय धरता तुमी?" तिनं एकदा विचारलं.

"उजेड."

"अंधारात कुटला उजेड?"

"वरून येतो तो. अगदी थोडा येतो, म्हणून तासभर धरून ठेवायचा."

"आन् मग जातो कुटं त्यो?"

"काचेवर बसतो."

तिला ते खरं वाटलं नाही, पण आवडलं. एकदा मी तिला दुर्बिणीतून चंद्र दाखवला. पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लई खड्डं हायेत की वो. आमच्या माळावानी." तिला दिवस गेले होते तेव्हा. पुढे मुलगा झाला. ती त्याला माझ्या मांडीवर टाकून पाण्याला जायची, आणि मी वह्या तपासत त्याला पाय हलवून झोपवायची. आम्हाला मूल नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही, आणि ह्यामुळे मला ती फार जवळची वाटे.

तिसऱ्या वर्षी कार्तिकातली अमावास्या ढगात गेली. मार्गशीर्षातली जवळ आली तेव्हा त्या पोराला खोकला झाला. पुढे ताप चढला आणि श्वास घेताना त्याचं पोट उडायला लागलं. लहान मुलांच्या त्या दुखण्याला आमच्याकडे 'डबा' म्हणतात. मी शाळेतून आले तोवर तिच्या सासूनं विळा तापवून पोराच्या पोटावर डाग दिला होता.

"ह्याला पौडला दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणाले. "आत्ताच."

"डाग दिलाय," सासू म्हणाली. "आता हलवायचं न्हाई."

शेळ्या घेऊन शेजारणीचा नवरा घरी आला तेव्हा शेवटची एसटी निघून गेली होती. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो शहाणा माणूस होता. "सकाळच्या पयल्या गाडीनं नेतो, बाई," म्हणाला. मीही सोबत येईन असं ठरलं. पोर तेव्हा झोपलं होतं. शेजारणीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी जावा, बाई. सकाळी येतेच मी."

त्या रात्री अमावास्या होती आणि आभाळ घासून ठेवल्यासारखं लख्ख होतं. आम्ही टेकडीवर गेलो. वारा नव्हता. तासभर तारा केसावरून हलला नाही. असं त्या आधी कधी झालं नव्हतं. मी प्लेट झाकली, सामान बांधायला घेतलं, आणि तेवढ्यात खालून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं, कुणाच्या घरातून तो येतोय.

पोराला दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पुरलं. मी तिच्याजवळ बसायला गेले तर सासू दारात उभी राहिली. "ती निजलीय," म्हणाली. आतून तिचा आवाज येत होता. मी परत आले.

मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबे. शाळेत दोन घरची मुलं यायची बंद झाली. ह्यांच्या कानावर आलं ते त्यांनी बरेच दिवस मला सांगितलं नाही आणि मग एकदा सांगितलं. अमावास्येला बाई डबा घेऊन टेकडीवर गेल्या आणि त्याच रात्री पोर डब्यानं गेलं. एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून खोडता येईना.

ती प्लेट मी आठवडाभर धुतली नाही. मग एका संध्याकाळी धुतली. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधातून, काढून कंदिलासमोर धरली, तर काळ्या ठिपक्यांमध्ये, जिथे असायला हवा तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा डाग होता. लांबट, तिरपा, कडेला विरलेला. मी तो ह्यांना दाखवला.

"हाच का तो?" त्यांनी विचारलं.

"असेल."

"म्हणजे नक्की नाही?"

"काचेवरचा उजेड धरणारा मसाला कधी कधी असाच डागाळतो. आणखी एका प्लेटीवर तिथेच आला, तर नक्की म्हणायचं." हे मला दादानंच शिकवलं होतं. एका काचेवर भरवसा ठेवू नये. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती फक्त दुःखानं लागली नाही असं मी म्हणणार नाही.

प्लेट खिडकीत वाळत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आली. पोर गेल्यानंतर पहिल्यांदाच. ओट्यावर बसली नाही, सरळ आत आली.

"बाई, एक विचारू का?"

"विचार ना."

"त्या रातीची काच हाय का तुमच्याकडं?"

मी खिडकीकडे बघितलं. तिनं जाऊन प्लेट हातात घेतली, कडेला धरून, मी धरायची तशीच, आणि उजेडासमोर केली.

"हे काळं ठिपकं?"

"तारे आहेत. काचेवर ते काळे दिसतात."

"आन् हे धुरावानी?"

मी म्हणाले, "तोही ताराच म्हण. खूप ताऱ्यांचा मिळून एक. फार लांबचा."

"दुसऱ्या काचांवर हाय का ह्यो?"

"नाही."

"ह्याच रातीला आला."

"हो. पण अगं, त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. तो उजेड किती जुना आहे, तुला सांगू का?"

"तुमी काय केलं, असं मी म्हनत न्हाई," ती म्हणाली. "मानसं म्हनत्यात. मी न्हाई म्हनत. पर बाई, तुमीच म्हनला व्हता, वरून येतं ते काचेवर बसतं. मग हितनं वर जाताना कुनी त्यात घावलं आसंल तर?"

मी तिला पुष्कळ सांगितलं. विज्ञान शिकवते तशी सांगत राहिले. भिंग, मसाला, अंतर, सगळं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला द्या ही."

तो डाग खरा की खोटा ते ठरवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दादाला दाखवायलाही तीच एक प्लेट होती. मी "ने" म्हणाले. तिनं ती पदरात गुंडाळली आणि गेली. पुढे कळलं की पोराला पुरलं होतं तिथेच तिनं ती मातीत ठेवली.

त्या हंगामात मग मी टेकडीवर गेले नाही. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर सामान बाहेर काढलं, तर दोन दिवसांत पोलीस पाटील घरी आले. वयस्क, सभ्य माणूस. चहा घेतला, शाळेची चौकशी केली आणि मग ह्यांना म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकल्याली मानसं. तुमाला काय सांगायचं. बाई बगू देत की आभाळ, कोन न्हाई म्हनतंय. फकस्त अवसेला नको. पुनवंला जावा, आमीच सामान उचलून देतो."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बरं."

आणि मी पुनवेला गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाटलांनी खरंच दोन माणसं पाठवली, त्यांनी आस वर नेला. टेकडीवर पुस्तक वाचता येईल इतकं चांदणं. तारा केसावर धरून मी तासभर बसले. प्लेट धुतली तेव्हा ती कडेपासून कडेपर्यंत काळी होती. असं आणखी दोन पुनवांना केलं. गावाला बरं वाटलं. मुलं शाळेत परत आली. मग मी जाणं सोडलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. ह्यांनीच अर्ज केला असावा. मी विचारलं नाही. निघताना ओढ्याशी पुष्कळ माणसं पोचवायला आली होती. कुणी आंबेमोहोर तांदूळ बांधून दिला, कुणी गुळाची ढेप. शेजारीणही आली होती. तिच्या कडेवर नवीन बाळ होतं, दोनेक महिन्यांचं. मी तिच्याजवळ गेले. ती हसली, नीट हसली, आणि हसता हसताच पदर ओढून तिनं बाळाचं तोंड झाकलं. आपण काय करतोय हे तिला कळलंही नसावं.

"जपून जावा, बाई," म्हणाली.

पुण्यात दादाचा कॅमेरा परत द्यायला गेले, तर मधल्या पावसाळ्यांत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली निघाली. दादानं ते उजेडात फिरवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. पुस्तकातला तो फोटो नंतर मी पुष्कळदा पाहिला आहे. माझ्या काचेवरचा डाग तसाच तिरपा होता का, हे आठवायला जाते, पण आता डोळ्यांपुढे छापलेला फोटोच येतो.

"मिळाला का मग तुझा तेजोमेघ?" दादानं त्या दिवशी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.