मर्लचे खोटे एच

मर्ल गॅस्किनने एकतीस वर्षं केराबाच्या सरकारी जंगलात झाडं रंगवली. तोडीची टोळी शिरण्याआधी ती एकटी आत जायची आणि ज्या झाडाला ढोली असेल, आत पोसमसारखा झाडावरचा प्राणी किंवा घुबड राहत असेल, त्यावर पिवळ्या रंगाने इंग्रजी एच काढायची. एच असलेल्या झाडाला करवत लावायची नाही, असा नियम.

मी लाकडाचा ट्रक चालवायचो आणि तिचे एच मला डोळ्यांत सलायचे. सरळसोट, ठणठणीत निलगिरी, आणि त्यावर हातभर एच! ढोली कुठे आहे असं मुकादम ब्रॉडीने एकदा विचारलं, तर सॉसेज रोल चावत म्हणाली, "वर आहे. चढून बघ." दीडशे फूट कोण चढतंय?

गेल्या वर्षी तोड बंद झाली. जंगल उभं ठेवायचं, त्याबद्दल कार्बन क्रेडिट मिळवायची आणि ती धूर सोडणाऱ्या कारखान्यांना विकायची, असं वर ठरलं. आमच्या पोटावर पाय आला. झाडं मोजायची एकच जागा निघाली. ती मर्ललाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. तिला पेन्शनला अजून सहा वर्षं होती आणि दुसरं काम या गावात नव्हतंच.

मोजणीची अधिकारी लीसल हिने मर्लसमोर माझ्या ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरला. जे झाड तुटणार होतं, त्याचंच क्रेडिट मिळतं, असं तिने समजावलं. एचवाली झाडं आधीच वाचलेली, म्हणून ती हिशेबात नाहीत. पण ड्रोनला त्यांतल्या दोनशे बारा झाडांवर ढोलीच सापडली नव्हती. खुणा चुकून झाल्या, झाडं तुटणारच होती, एवढं मर्लने एका फॉर्मवर लिहून द्यायचं. मग ती झाडं मोजता येतील आणि सोमवारपासून नोकरी.

लीसल मुलगी चांगली होती, मर्लला दोष कुणी देणार नाही म्हणाली. मीही मर्लला बाजूला घेऊन म्हटलं, कर सही, तुझं काय जातंय? ती मला बाजूला सारून परत बॉनेटकडे गेली.

"चूक नव्हती," ती लीसलला म्हणाली. "मुद्दाम काढलेत. आणि दोनशे बारा नाहीत, चारशेच्या वर आहेत. तुझ्या ड्रोनला नीट दिसत नाही."

"पण मर्ल, तुमचा एच नसता तर ती तुटलीच असती ना?"

"एच होता ना पण. ती झाडं तुटणारच नव्हती, पोरी. मी होते इथे. जी तोड होणारच नव्हती, ती टळल्याची पावती फाडून तुम्ही कुणाला धूर सोडायला परवानगी देणार, आणि तीही माझ्या सहीने? नाही जमायचं."

लीसलचा चेहरा उतरला. हे लेखी दिलंत तर नोकरी तर जाईलच, वर जुन्या कामाची चौकशी लागेल, असं तिने हळूच सांगितलं. होऊ दे, म्हणत मर्लने तिच्या हातातला फॉर्म ओढून घेतला.

नोकरी पुढे ब्रॉडीला मिळाली. चौकशी अजून चालू आहे. तो फॉर्म मी त्या दिवशी तिच्या खांद्यावरून वाचला होता. 'तोड टळण्याचं कारण' असा एक रकाना होता. त्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं: मर्ल ॲन गॅस्किन.