काकांचा टाकणखार

आमचे सोनारकाका म्हणजे टाकणखाराचे भक्त. शर्टाच्या कॉलरवर मळ आहे? टाकणखारात भिजवा. सिंकला वास येतोय? टाकणखार टाका. सल्ला मागायचीही गरज नसे, ते आपणहून द्यायचे!

दुकानात मात्र त्यांचं ऐकावंच लागे. तुटलेल्या साखळीच्या सांध्याला ते खाराची पेस्ट लावून ज्योत देत. खार आधी लाहीसारखा फुगे, मग वितळून काचेसारखा पसरे. त्याखाली सांधा स्वच्छ राही आणि सांधा जोडणाऱ्या धातूची झाळ पाण्यासारखी आत धावे.

"मी डोळे मिटतो, चिमटीत काहीही द्या, खार ओळखून दाखवतो," असं ते मिशीला पीळ देत म्हणायचे.

एका सकाळी दुकानातला खार संपला. काकांनी कुणाला न विचारता घरच्या स्वयंपाकघरातला खाराचा डबा उचलून आणला. समोर गिऱ्हाईक बसलेलं. ज्योत लागताच सांधा काळाठिक्कर पडला आणि दुकानभर जळक्या साखरेचा वास सुटला.

"मिठाईपण करता का?" गिऱ्हाईकाने विचारलं.

काका तणतणत घरी आले. "भेसळ! त्या दुकानदाराला सोडणार नाही मी!"

काकूंनी डबा हातात घेतला.

"दुकानदाराला कशाला? साखर मी घातली, झुरळांसाठी. तुम्हीच सांगितलेला उपाय." मग काकांकडे नीट बघत म्हणाल्या, "अहो, झुरळसुद्धा आधी मिशा लावून बघतं. तुम्ही नुसता पीळ देत बसता!"