एका मीटरवरची दोन घरं

फोन घेतला तो यांनी. मी भाकरी थापत होते. रिसिव्हर ठेवून हे स्वयंपाकघराच्या दारात नुसते येऊन उभे राहिले. "वहिनी गेल्या," एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले... कमलताई माझ्या मोठ्या जाऊबाई. छातीत दुखतंय म्हणून त्यांना पुण्याला दवाखान्यात नेलं होतं. सोबत दादा, म्हणजे माझे मोठे दीर, होते. निघताना ताई मला म्हणाल्या होत्या, "लई दिस न्हाई लागायचं. कापडं तेवढी उन्हात टाक, न्हाईतर कुजतील." कापडं म्हणजे काचा पुसायची फडकी. त्या फडक्यांवर त्यांनी आपलं घर चालवलं.

आम्ही मंचरचे. भिंतीला भिंत लागून आमची दोन घरं, अंगण एक आणि नळही एकच. दादा ट्रकवर होते. पाठीला मार बसला आणि ट्रक सुटला, तेव्हा ताई हायवेच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागल्या. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास त्या मालकानं दर्शनी बाजूला मोठी काच बसवली. कांद्याच्या ट्रकांची धूळ तिच्यावर दुपारपर्यंत थापली जायची. एकदा ताईंनी ती अशी पुसली की शेजारच्या औषधवाल्यानं लगेच आपल्या दुकानात बोलावलं. मग कापडवाला, मग फोटो स्टुडिओ. वर्षभरात ताईंनी भांडी सोडली. घरीच साबणाचं पाणी कालवायचं, कॅन भरायचे, सायकलला अडकवायचे आणि निघायचं. आळेफाट्याच्या हॉटेलांना तर एसटीनं जायच्या. "बाई, या पाण्याचं पण तिकीट फाडू का?" असं एका कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाल्या, "फाडा की. पण मग त्याला बसाय शीट द्या."

दुकानातच पाणी का घेत नाही, असं मी त्यांना सुरुवातीलाच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. एका दुकानात त्यांनी बादलीभर पाणी मागितलं आणि नळ सोडायला हात लावला. मालकाच्या बायकोनं आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून कळतंच. तिनं गड्याला बादलीत वरून पाणी ओतायला लावलं, आणि ताईंचा हात लागला म्हणून नळ धुऊन घेतला. "तवापासून ठरावलं," ताई म्हणाल्या, "पानी आपल्या घरचं. कुनाकडं मागायचंच न्हाई."

दोन हजार साल उलटल्यावर आमच्या आळीत नळांना मीटर बसले. तोवर पाणीपट्टी ठरलेली असायची, कितीही वापरा. पहिलं बिल आलं आणि हे तापले. ताईंना अंगणात बोलावून सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आमी पाणी पितो आन् तुमी पाणी इकता. बिल निम्मं-निम्मं कसं चालंल?" दादांनी मान खाली घातली. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं, भावजी."

दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याला जपायला लागल्या. आधी काच कोरड्या ब्रशनं झाडायची, मग ओलं फडकं. फडकी धुतलेलं पाणी संडासाला. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हळीखाली पिंप. तरी भागेना म्हणून आळेफाट्याची कामं सोडली. दादांचं औषध त्या कामांवर चालायचं, ते मला माहीत होतं. मी मध्ये पडले, तर हे माझ्याशीच बोलेनात. एका अंगणात राहून आम्ही एकमेकांची तोंडं चुकवत होतो.

आणि पुढचं बिल तेवढंच आलं.

ताईंनी जुनं बिल काढून नव्याशेजारी धरलं. "पानी कमी केलं, धंदा कमी केला, आन् बिल तेवढंच? कुठंतरी पानी मुरतंय."

हे उसळले. "म्हंजे? माझ्यावर संशय घेता व्हय?"

"तुमच्यावर न्हाई भावजी. पाइपावर."

सकाळी पाणी आल्याबरोबर त्यांनी दोन्ही घरांतले नळ बंद करायला लावले आणि मीटरपाशी उकिडव्या बसल्या. आम्ही मागे उभे. नळ सगळे बंद, आणि मीटरमधला बारका काटा आपला सावकाश फिरतोय... यांनी स्वतः कुदळ आणली. पाइपाच्या मागानं उकरत गेले, तर आमच्याच मोरीखाली चिखल झालेला. गंजलेल्या पाइपातून पाणी जमिनीत जात होतं, किती महिने कोण जाणे. गुडघाभर खड्ड्यात उभे राहून हे म्हणाले, "वहिनी, हे तर आमच्याकडं निघालं..."

"पाइपाला काय ठावं, कुनाचं घर कुठं संपतं," ताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

यांना फार लागलं ते. तुम्हाला वेगळं कनेक्शन घेऊन देतो, म्हणून मागे लागले. ताई हसल्या. "नको. एकच ऱ्हाऊ द्या. भांडाय तरी एकत्र येऊ."

पण घरचं पाणीही आता मोजून मिळतं, हे त्या बिलानं दाखवलं आणि ताई बदलल्या. गिऱ्हाइकांना त्या सरळ सांगू लागल्या, "हात माझे, पानी तुमचं. नळ मी माझ्या हातानं सोडनार. चालत आसंल तर सांगा." दोघा-तिघांनी काम बंद केलं. बाजारपेठेतल्या जैन कापडवाल्यांच्या म्हाताऱ्या आई मात्र स्वतः उठून आल्या, पडदा बाजूला करून म्हणाल्या, "आत ये की. नळ तिकडं आहे." आळेफाट्याला त्या पुन्हा जायला लागल्या, पण आता रिकाम्या हातानं. "एवढी वर्सं उगाच वझं वाहिलं," म्हणायच्या. मग स्वतःच म्हणायच्या, "उगाच न्हाई म्हना. तवा तेच बराबर व्हतं."

आता दादा आमच्यातच जेवतात. ताईंची पुढची खोली रिकामी आहे. परवा हे तिथं गेले ते बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी पाहायला गेले. खिडकीवर महिनाभराची धूळ बसली होती. हे तांब्याभर पाणी आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन काच पुसत होते. सगळीकडे पट्टे उठलेले. "वहिनींना कसं जमायचं गं?" त्यांनी विचारलं. मी दुसरा कागद चुरगळून घेतला आणि शेजारी उभी राहिले. पुसता पुसता पलीकडचा रस्ता दिसायला लागला.