चकाकी मारणारी काच

पोलरायझर घेतल्यापासून मी माणसांत राहिलो नव्हतो. लेन्सच्या तोंडावर बसवून फिरवायची ती काळसर काच. पाण्यावरची, पानांवरची चकाकी मारते, आकाश गडद करते, एवढंच तिचं काम. पण उरणकडच्या आमच्या खाडीकाठी ती एकट्या माझ्याकडे होती, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी. लग्नाचे फोटो काढायला गेलो तरी चकाकी हा फोटोचा पहिला शत्रू कसा, हे मी वऱ्हाडाला ऐकवायचो. वऱ्हाड जेवायला उठून जायचं.

शेजारची काकी ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून बाजारात विकते. मागच्या थंडीत कुठल्याशा बोटीचं तेल खाडीत शिरलं. कुठली बोट, हे अर्थातच कुणालाच ठाऊक नव्हतं. काकीची कालवं गिऱ्हाइकं नाकाशी नेत आणि परत टोपलीत ठेवत. दुसरं कमाईचं साधन तिला नव्हतं. तक्रार करायची तर पुरावा हवा, म्हणून तिची सून मोबाईल घेऊन खाडीकडे निघाली. मी तिला दारातच अडवलं.

"मोबाईलचे फोटो कचेरीत कोण बघतो, वहिनी? मी आहे ना."

दोघी तरीही मागून आल्या. मी गुडघाभर चिखलात उतरलो. पाण्यावर तेलाचा तवंग उन्हात जांभळा, हिरवा, पिवळा दिसत होता.

"पोरा, त्ये रंग दिसाया पायजेत हां!" काकी काठावरून ओरडली.

हिला काय कळतंय फोटोतलं, असं मनात म्हणत मी सवयीनं काच फिरवली. पाणी नितळ झालं. तळाचे दगड दिसले, दगडाआडचा खेकडासुद्धा दिसला. मी हरखलो. घरी फोटो पाहतानाही मी खेकड्याच्याच नांग्या न्याहाळत बसलो. पाण्यावरचे ते रंग म्हणजेच चकाकी, हे एवढी व्याख्यानं झोडणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. मोठे प्रिंट काढले आणि पाकीट बंद करून काकी आणि वहिनीसोबत थेट कचेरीत नेलं.

तोवर उधाणानं वरचा तवंग धुऊन नेला होता. वास तेवढा कालवांत राहिला होता.

कचेरीतल्या साहेबांनी प्रिंट टेबलावर पसरले. "तेल कुठाय यात? अहो, इतकं स्वच्छ पाणी मी आयुष्यात पाहिलं नाही." मग खेकड्याचा प्रिंट उचलून म्हणाले, "हा आमच्या कॅलेंडरला द्याल का?"

आणि मी, सांगायला लाज वाटते, विचारलं, "कुठल्या साइझमध्ये देऊ?"

काकी माझ्याकडे वळली. "डोल्याला बी तीच काच लावलीस काय रं?"

सुनेनं मोबाईल साहेबांपुढे धरला. त्या दिवशी गंमत म्हणून तिनं माझा फोटो काढला होता. मी ओणवा, कॅमेऱ्याला डोळा लावलेला, पार्श्वभाग आभाळाकडे, आणि माझ्या चहूबाजूंनी जांभळं, हिरवं, पिवळं तेल. साहेबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग त्यांनी शिपायाला त्याची प्रत काढायला सांगितली आणि तक्रार दाखल करून घेतली.

काकीच्या फायलीत माझा एकही फोटो लागला नाही. मी मात्र लागलो आहे, पाठमोरा.