तिच्याच रंगात

भिसेगावात आमच्या शेजारी राहणारी ती मुलगी आधी साड्यांच्या जाहिरातींत दिसायची, आता सिनेमांत दिसते. रंगाने सावळी. चालणं भरभर, पण बोलणं सावकाश. उत्तर देण्याआधी ती समोरच्याकडे क्षणभर नुसती बघते, आणि भलेभले गडबडतात. शूटिंग नसलं की अजूनही आईबरोबर बाजारात येते, भाजीवालीशी घासाघीस करते.

तिचा पहिला सिनेमा आल्यावर कर्जतच्या एका सराफाने दुकानावर तिचा जाहिरातीचा भलामोठा फलक लावला. त्यावर ती दुधासारखी गोरी होती. ती, तिची आई आणि मी बघायला गेलो, तर तिची आई म्हणाली, "ही कोन गं? ही आपली नाय."

मुलगी तशीच दुकानात शिरली. सराफ हसला. "अगं, गोऱ्या गळ्यात सोनं उठून दिसतं."

तिने क्षणभर त्याच्याकडे नुसतं बघितलं. "मग नुसतं सोनंच लावा, काका. मला खाली उतरवा."

तिच्या हातचं काम जाणार, असंच मला वाटलं. पण चार दिवसांनी नवा फलक लागला. त्यावर ती तिच्याच रंगात हसत होती. तिची आई भर रस्त्यात वर बघत उभी राहिली. मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, तरी हलली नाही.