दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांची पाटी

टेलरमास्तरांची खालची जागा गेली आणि त्यांनी त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मशीन चढवलं. जिना मागच्या बाजूनं, अंधारा. तीस वर्षांची गिऱ्हाइकं यायची, खालच्या दाराला कुलूप बघायची आणि "सोडलं वाटतं मास्तरांनी" म्हणत माघारी फिरायची. मास्तर वरून हाका मारायचे. पण रस्त्यावर नगाऱ्याची घाई, तिथं टिमकीचं काय चालणार?

पाटी लागली तर धंदा तगणार, नाहीतर भाच्याच्या रेडिमेडच्या दुकानात दिवसभर पँटी आखूड करायच्या. भाचा काही वाईट नव्हता. "मामा, महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघतो," एवढंच म्हणाला होता.

पाटीला नगरकचेरीची परवानगी लागे. दोन खिडक्यांच्या मध्ये, सहा फुटांच्या आत, अर्जासोबत आराखडा. आता मापाचं मास्तरांना काय सांगावं! माणूस उंबरा ओलांडायच्या आत त्याची कंबर सांगणारा गडी. खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळले, बायकोनं मागून सदरा घट्ट धरला. फितीवर जागा भरली बरोबर बहात्तर इंच. अन् कागदावर मास्तरांनी लिहिलं शहात्तर! हाताची चाळीस वर्षांची सवय. दोन्ही अंगांनी दोन-दोन इंच दाब धरल्याशिवाय तो थांबतोय कुठला?

दोन आठवड्यांनी कारकुनानं अर्ज परत सरकवला. "मास्तर, चार इंच जास्त आहे."

"तो दाब आहे साहेब. शिवल्यावर आत जातो."

"पत्र्याची पाटी शिवणार आहात?"

सगळी कचेरी हसली, मास्तरही हसले. पण अर्ज नवा, आराखडा नवा आणि घरमालकाची सहीही नवी. मालक भेटेपर्यंत आणखी आठवडा गेला.

मग कळलं, पाहणीला माणूस येणार. कधी? दहा ते सहा, केव्हाही. मास्तर खुर्चीला खिळले. दोऱ्याची रिळं संपली तरी खाली उतरले नाहीत, जेवणसुद्धा मशीनवरच. चार दिवस कोणी फिरकलं नाही, म्हणून पाचव्या दिवशी कचेरीत गेले, तर अर्जावर शेरा तयार: 'सदर जागी दुकान आढळले नाही.'

"अहो, मी वरच होतो की!"

"आमच्या माणसानं खाली दोघांना विचारलं. ते म्हणाले, मास्तरांनी सोडलं."

"पाटी नाही म्हणून सापडलं नाही!"

"मग लावायची ना पाटी."

"त्याचीच तर परवानगी मागतोय साहेब!"

"खरं आहे तुमचं," कारकून म्हणाला, आणि त्यानं नवा अर्ज पुढं केला. "पाहणी पंधरा दिवसांत. कोणीतरी जागेवर असू द्या."

महिना संपायला तीन दिवस होते. घरी येऊन मास्तर बराच वेळ कात्री उघडत-मिटत बसले. शेवटी म्हणाले, "सकाळचा अर्धा दिवस भाच्याकडे जातो. दुपारनंतर इथं."

"आणि तो सकाळीच आला तर?" बायकोनं विचारलं. मग तिनंच ठरवलं, "मी बसते खाली, जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून. लग्नात म्हणाला होतात, राणीसारखी बसवीन. बसवलंत एकदाचं!"

सोमवारी मास्तर भाच्याकडे गेले. बाई काजं-बटणांचं काम मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. हातात फाईल दिसली की विचारायच्या, "कचेरीतून का हो?" एक विमावाला निघाला, एक वाट चुकलेला.

अकराच्या सुमारास एक जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. "वहिनी! मास्तर आहेत का?"

"आहेत हो, पण दुपारनंतर. कापड ठेवून जा ना."

"माप कोण घेणार? येईन कधीतरी."

बाई अर्ध्या उठल्या. त्याच्यामागं दोन पावलं धावल्या असत्या, तर कदाचित तो थांबलाही असता. पण तेवढ्यात फाईलवाला आला तर? त्या परत स्टुलावर टेकल्या, आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याच्या काखेतलं कापड बघत राहिल्या.